तांब्यावरचं प्रेम बंबापुरतंच ठेव

अगं, बघितला तुझा मेसेज. रात्री साडेअकराला तीन प्लंबरांच्या कोटेशनांचे फोटो आणि खाली नुसतं 'ताई, काय करू?' आधी चहा टाक. इंग्लंडात येऊन शंभर-सव्वाशे वर्षांचं लाल विटांचं टेरेस घर घ्यायची हिंमत केलीस ना? मग आता नळ्यांना काय घाबरतेस?

तुझी अडचण कळली मला. दोघे तांब्याच्या नळ्या म्हणतायत आणि तिसरा म्हणतोय कॉम्पोझिट नळ्या आणि यंत्राने दाबायचे प्रेस-फिट सांधे. त्याचं काम लवकर उरकणार आहे, म्हणूनच तुला शंका येतेय की हा प्लॅस्टिक गळ्यात मारतोय. माझं मत आधीच सांगून टाकते. फळ्यांखाली, भिंतीआड जे काही जाणार ते कॉम्पोझिट घे. बॉयलरजवळ आणि डोळ्यांसमोर तांबं राहू दे. आता का ते ऐक.

खरं सांगू का, मी तुझ्याहून कट्टर होते. आजोळी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, चिंच लावून घासला की सोन्यासारखा लखलखायचा. ते डोक्यात घेऊन मी पहिल्या घरात प्लंबरला ठणकावलं, की सगळं तांबंच हवं. त्याने केलंही. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवतो? तो नवसागर टाकायचा, तसा इथे डाख देण्याआधी सांध्याला फ्लक्स लावतात. काम झालं की तो पुसून, नळी धुऊन काढायची असते. आमच्या माणसाने काही सांधे तसेच सोडले. फ्लक्स तांबं खात बसला आणि चार वर्षांनी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. स्वयंपाकघराच्या छतावर हिरवट निळा डाग आला. आणि मी हुशार! बुरशी समजून दोन आठवडे स्टुलावर चढून ब्लीचने घासत होते. अख्खं छत उतरवावं लागलं गं.

म्हणजे तांबं वाईट असं नाही. नीट केलेलं काम पन्नास वर्षंही टिकतं. पण सगळा भार सांध्यावर आणि तो करणाऱ्या हातावर. तांब्याची नळी इथे तीन मीटरच्या तुकड्यांत येते, कॉम्पोझिटची पन्नास किंवा शंभर मीटरच्या वेटोळ्यांत. फळ्यांखालून एक सलग नळी ओढली की मध्ये सांधाच नाही. आणि जुन्या घरातल्या फळ्यांखाली शंभर वर्षांची धूळ, सुकं लाकूड, कधी जुनी वर्तमानपत्रं असतात. तिथे कोणी गॅसचा बर्नर पेटवतोय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. प्रेस-फिट करायला आगीची गरजच पडत नाही.

आता ती नळी असते कशी, ते बघ. चिरोट्याचे पदर असतात ना, तशी. आत प्लॅस्टिक, मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, बाहेर पुन्हा प्लॅस्टिक, आणि दोन्हीकडे चिकटवणारा थर. सगळी करामत त्या पत्र्याची. हाताने वाकवलीस की ती तशीच राहते, नुसत्या प्लॅस्टिकसारखी उसळून सरळ होत नाही. शिवाय तो पत्रा हवेतला ऑक्सिजन आत झिरपू देत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण ऑक्सिजन आत गेला की लोखंडी रेडिएटर आतून गंजतात आणि तळाशी काळा गाळ साठतो. फुगण्याचंही तसंच. दहा मीटर नळी पन्नास अंशांनी तापली, तर तांबं साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतं, कॉम्पोझिट साडेबारा, आणि नुसतं प्लॅस्टिक पंचाहत्तरच्या पुढे. म्हणजे कॉम्पोझिट तांब्याच्या जवळ आहे, पण थोडं जास्तच. तेव्हा लाकडातून जाताना भोकात सैल जागा ठेवायला सांग, नाहीतर पहाटे हीटिंग सुरू झालं की टकटक ऐकत पडशील.

सांधा कसा होतो सांगते, म्हणजे प्लंबर काम करत असताना तुला नजर ठेवता येईल. नळी सरळ कापायची, मग आतून तिचं तोंड गोल करून कड उतरवायची, फिटिंगमध्ये शेवटपर्यंत सरकवायची आणि यंत्राच्या जबड्याने बाहेरची स्टीलची कडी दाबायची. आत रबरी रिंग असते, थेट कुकरच्या झाकणाच्या रिंगसारखी. कड न उतरवता नळी घुसवली की ती रिंग कापली जाते. कुकरची रिंग चिरली की काय होतं ते तुला माहीत आहे. घाईचा माणूस हीच पायरी गाळतो. बऱ्याच फिटिंगना छोट्या खिडक्या असतात, त्यांतून नळीचं टोक दिसलं पाहिजे. तुला घाम न गाळता करता येण्याजोगं काम आहे हे, टॉर्च घेऊन एकेक खिडकी बघत जा. प्लंबर हसला तर हसू दे. आणि चांगल्या फिटिंगमध्ये अशी सोय असते की दाबायची राहून गेली, तर चाचणीच्या वेळी ती मुद्दाम गळते. म्हणून पाणी भरून, नेहमीच्या जास्तीत जास्त दाबाच्या दीडपटीवर चाचणी झाल्याशिवाय एकही फळी ठोकू द्यायची नाही.

बघ, आता एक गोष्ट लक्ष देऊन वाच, कारण इथे माझ्या धाकट्या नणदेचं फसलं. तांब्याची नळी मोजतात १५ आणि २२ मिलिमीटर, कॉम्पोझिटची १६, २०, २६. तिला वाटलं, १५ च्या जागी १६, म्हणजे मोठीच की! पण हे माप बाहेरचं. तांब्याची भिंत पातळ, म्हणून १५ च्या आत १३.६ मिलिमीटर पोकळी. १६ ची भिंत २ मिलिमीटर, म्हणजे आत फक्त १२. पाण्याच्या वाटेचा पाचवा हिस्सा गेला, आणि फिटिंगमध्ये वाट आणखी अरुंद होते ते वेगळंच. तिच्याकडे वरच्या मजल्यावर शॉवर चहाच्या गाळणीतून गळावा तसा यायला लागला. २२ च्या जागी २६ घातली की आतली पोकळी जवळपास तेवढीच, २० मिलिमीटर मिळते. तेव्हा प्रत्येक नळीचं माप लिहून घे. पुढे कधी हीट पंप बसवायचा विचार असेल तर आत्ताच सांगून ठेव. बॉयलरचं पाणी रेडिएटरमधून फिरून वीसेक अंशांनी थंड होऊन परत येतं असं धरतात, हीट पंपाचं जेमतेम पाच. तेवढीच ऊब पोचवायला चौपट पाणी फिरवावं लागतं. बारीक नळी तिथे गळा आवळते.

तांबं कुठे ठेवायचं? बॉयलरमधून बाहेर पडणारा पहिला मीटरभर भाग तांब्याचा ठेवतात, आणि बॉयलरच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते त्याला वाचायला लाव. लाकूड-कोळशाच्या शेगडीला जोडलेलं पाणी असेल तर तिथे फक्त तांबं. त्या आचेला लगाम नसतो, आणि ही नळी फार तर ९५ अंशांपर्यंतची. गॅसच्या नळीला मात्र कोणीही हात लावायचा नाही, गॅस सेफ नोंदणीचा माणूसच हवा. ओळखपत्र माग, लाजू नकोस. आणि रेडिएटरच्या खाली दिसणारे ते दोन पाय तांब्याचेच छान दिसतात, तेवढी हौस पुरव.

आता भीतीचं बोलू. कॅनडा-अमेरिकेत किटेक नावाची अशीच पदरांची नळी सुमारे १९९५ ते २००७ पर्यंत विकली गेली. तिच्या पितळी फिटिंगमधलं जस्त झिजून ती फुटायला लागली, खटले झाले, साडेबारा कोटी डॉलरवर तडजोड झाली. घाबरवत नाही, धडा सांगतेय. नळीपेक्षा फिटिंग बघ. पितळ असेल तर जस्त न झिजणारं हवं, आणि नळी, फिटिंग, यंत्राचा जबडा एकाच कंपनीच्या पद्धतीतले हवेत. एकाची नळी, दुसऱ्याची फिटिंग, तिसऱ्याचा जबडा केलं की हमी गेलीच. तिसऱ्या प्लंबरला फक्त एवढं विचार, 'यंत्र तुमचं की भाड्याचं, आणि शेवटचं तपासून कधी आणलं?' यंत्र महाग असतं गं, ज्याच्याकडे नाही तो तांब्याचीच आरती ओवाळणार.

इलेक्ट्रिशियनलाही एकदा बोलाव. जुन्या तांब्याच्या नळ्यांना हिरवी-पिवळी अर्थिंगची तार जोडलेली असते. मध्ये प्लॅस्टिक आलं की ती साखळी तुटते, काय बदलायचं ते त्याने ठरवायचं. उंदीर? पत्र्यामुळे त्यांना जरा जड जातं, पण अभेद्य नाही. भोकं बुजवून घे.

आणि कपाटात दोन फिटिंग आणि मीटरभर नळी जपून ठेव. रविवारी रात्री गळती झाली तर येणाऱ्या माणसाच्या गाडीत तांब्याचं सामान हमखास असतं, तुझ्या कंपनीचं असेलच असं नाही.

फळ्या बसायच्या आणि भिंती बुजायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढ, शेजारी टेप ठेवून. मी तेही केलं नव्हतं. गणपतीची तसबीर लावायला खिळा ठोकला तो थेट नळीत. बाप्पालाही अंघोळ झाली, मलाही. शुक्रवारी तिसऱ्या प्लंबरला हो म्हणण्याआधी फोन कर आणि कोटेशनवरची मापं मला वाचून दाखव, १६ ची किती आणि २६ ची किती.