जुन्या ट्रकचे इंजिन थंड ठेवताना




जुना ट्रक तापू लागला की पहिला खर्च मोठ्या रेडिएटरवर होतो आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. टाटा १६१३ घेतली, तर तिच्यात सहा सिलिंडरचे, सुमारे ५.७ लिटरचे ६९७ इंजिन असते. भरलेली गाडी पुण्याकडून खंबाटकीचा घाट चढते तेव्हा डिझेलच्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. बाकीच्यापैकी बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि एकूण ऊर्जेची सुमारे चौथाई पाण्यात उतरते. १३० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी ढोबळ हिशोब केला, तर ही उष्णता ७० किलोवॉटच्या घरात जाते. त्यात गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे समोरून वारा जवळजवळ नाही. सगळी भिस्त पंख्यावर. नवी असताना हीच व्यवस्था या कामाला पुरत होती. मधल्या वर्षांत तिच्यातले काय हरवले, ते आधी शोधावे आणि मगच सुधारणेला हात घालावा.

गाडी कधी तापते यावरून बरेच कळते. घाटात तापते पण सपाटीवर ठीक राहते, तर संशय रेडिएटरच्या नळ्यांवर घ्यावा. गर्दीत उभ्या-उभ्या तापते, तर पंखा, पट्टा आणि श्राउड पाहावे. थंड इंजिन टोपण काढून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर बहुधा हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. अशा वेळी नवा रेडिएटर बसवून काहीच साधत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर आता साध्या गॅरेजमध्येही असतो. गरम इंजिनाच्या रेडिएटरवर तो फिरवला की मध्येच थंड लागणारे पट्टे सापडतात, आणि तिथल्या नळ्या बुजलेल्या असतात.

वाऱ्याची बाजू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. जाळीत चिखल, कीटक आणि तेलकट धूळ बसते. ती इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात आणि वाट आणखीच बंद होते. जाळीसमोर लावलेल्या पाट्या, जादा दिवे, झालरी आणि गुंडाळलेली ताडपत्री काढून टाकावी. हौसेने लावलेल्या या वस्तू घाटात इंजिनाचा श्वास अडवतात.

श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे. अपघाताच्या दुरुस्तीत ते काढले जाते आणि पुष्कळदा परत बसतच नाही. ते नसले की पंखा इंजिनाजवळची गरम हवाच घुसळत बसतो आणि रेडिएटरमधून थोडीच हवा ओढतो. पात्यांची साधारण निम्मी रुंदी कड्याच्या आत असावी आणि टोकाशी इंचभर मोकळीक राहावी, कारण रबरी माउंटिंगवर इंजिन हलते. तुटलेले किंवा गायब झालेले श्राउड बनवून घेणे ही जुन्या ट्रकवरची सर्वांत किफायतशीर सुधारणा आहे. पट्टा सैल असेल किंवा पाती उलटी बसली असतील, तर ते त्याच वेळी नीट करावे.

थेट पुलीला बांधलेला पंखा गरज नसतानाही शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. व्हिस्कस क्लचचा पंखा रेडिएटरमागची हवा गरम झाली तरच जोर धरतो. मापाचा मिळत असेल तर तो बसवण्याजोगा आहे. मोटारीचा विजेचा पंखा मात्र एवढ्या उष्णतेला पुरा पडत नाही.

पाण्याच्या बाजूचा खरा शत्रू क्षार. दख्खनच्या पठारावरचे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ते वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की नळ्यांत आणि इंजिनाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, खडूसारखा थर चढतो. हा थर बिडापेक्षा किती तरी पटींनी उष्णता अडवतो. रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्यावे, पण जॅकेटही धुवावे. नाहीतर तिथला गाळ रेडिएटरच्या कोअरमध्ये, म्हणजे नळ्यांच्या गाभ्यात, येऊन बसतो.

कोअर बदलायचाच असेल, तर तांब्या-पितळेचा, नळ्यांची एक ओळ जास्त असलेला कोअर जुन्या टाक्यांना बसवून घेता येतो. अॅल्युमिनियमचा कोअर हलका असतो आणि कामही चांगले करतो. पण त्याच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला तर रस्त्यावर इलाज नसतो. तांब्या-पितळेला डाग देणारा कारागीर तालुक्याच्या गावीही भेटतो. लांब पल्ल्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी हा मुद्दा निर्णायक मानावा. ओळी वाढवतानाही मर्यादा आहे. कोअर फार जाड झाला तर हवा त्यातून निघत नाही आणि मागच्या ओळींना आधीच तापलेला वारा मिळतो.

रेडिएटरचे टोपण कुकरच्या शिटीचेच काम करते. सुमारे एक बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग ढिली झालेले टोपण घाटात पाणी बाहेर फेकते; ते बदलायला फारसे पैसे लागत नाहीत. मात्र कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जास्त दाबाचे टोपण लावू नये. जुने डाग सुटतात, होज पाइप फुटतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती चूक आहे. इंजिन थंड राहिले की सिलिंडर लवकर झिजतात आणि डिझेल जास्त जाते. शिवाय अनेक इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. नवा व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी भांड्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, तो छापलेल्या अंशाला उघडतो का ते पाहावे. खालच्या होज पाइपमध्ये मूळची स्प्रिंग असेल, तर नव्या पाइपमध्येही ती हवी. नाहीतर पंपाच्या ओढीने नरम पाइप चपटा होतो.

कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावा. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही. कूलंट हवा तो गंज, क्षार आणि पंपाची झीज रोखण्यासाठी. निव्वळ कूलंट भरणेही चूक, कारण पाण्यापेक्षा तो कमी उष्णता वाहून नेतो. रंग सारखा म्हणून दोन जाती एकत्र करू नयेत आणि तांब्या-पितळेच्या डागांना चालणारीच जात घ्यावी. काढलेला जुना कूलंट गोडसर लागतो आणि विषारी असतो. तो गटारात किंवा शेतात न सोडता बंद डब्यात ठेवावा. गुरे आणि कुत्री तो पिऊन मरतात.

तापमानाचा काटा चालू असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. पाणी निघून गेले की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खोटा दिलासा देतो. म्हणून पाण्याची पातळी घटल्यावर वाजणारा गजर जोडून घ्यावा. घाटात काटा लाल पट्टीकडे सरकला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन न्यूट्रलमध्ये थोड्या चढ्या वेगाने चालू ठेवावे, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात. पाणी वाहून गेले असेल तर मात्र लगेच बंद करावे. टोपण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये, वाफेने चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.