फोन हातात आहे, मग थांबतेस कशाला?

अगं, लॅपटॉप नाही म्हणून लिनक्सचे प्रोग्राम दुसऱ्या चिपवर न्यायचं, म्हणजे पोर्टिंगचं, शिकणं राहिलं, असं परत म्हणू नकोस. तुझा फोनच एआरएम प्रोसेसरवर चालतो. एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप उतरवून घे आणि 'युनेम -एम' टाकून बघ. बहुतेक 'एआर्च६४' असं उत्तर येईल. ज्या चिपवर प्रोग्राम न्यायचा ती तुझ्याकडे आहेच, आणि तुमच्या धर्मापुरीत लाइट गेली तरी ती चालूच राहते. फक्त टर्मक्सखाली अँड्रॉइडची सी लायब्ररी असते, नेहमीच्या लिनक्सची नाही. म्हणून 'प्रूट-डिस्ट्रो'ने आत डेबियन बसव आणि काम तिथं कर.

हातातल्या यंत्रावर लिनक्स चालवायचं खूळ आजचं नाही गं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीच्या इंजिनिअरांनी २००१ मध्ये सिम्प्युटर केला. हातात मावणारं यंत्र, स्ट्राँगएआरएम चिप, वर लिनक्स. खेड्यातल्या माणसाला संगणक परवडावा म्हणून केलेला. बाजारात तो फारसा चालला नाही, पण त्यामागची तळमळ मला आजही खरी वाटते.

सुरुवातीला खिडक्या-बटणांचं काही घेऊ नकोस. सी मधला, टर्मिनलवर चालणारा छोटा प्रोग्राम निवड. गिटने आणताना 'डेप्थ १' लाव, नाहीतर सगळा जुना इतिहास उतरेल आणि रोजचा दीड जीबी सकाळीच संपेल. कोडमध्ये इंटेलच्या चिपसाठी लिहिलेली असेंब्ली दिसली, तर तो प्रोग्राम सध्या सोड.

आता खरी गंमत. कंपाइल सुरळीत होतं, प्रोग्राम सुरू होतो आणि फाइल वाचता वाचता अडकतो. थांबतच नाही. अशा वेळी 'गेटचार'ची ओळ शोध. आलेलं अक्षर 'चार' प्रकारात ठेवून 'ईओएफ'शी ताडलेलं असतं. ईओएफ म्हणजे फाइल संपल्याची खूण, सहसा उणे एक. इंटेलवर 'चार' मध्ये उणे आकडा बसतो, एआरएम लिनक्सवर तो बसत नाही. उणे एकचे होतात २५५, मग जुळणार कसं? ते 'चार' काढून 'इंट' लिही. एका शब्दाची दुरुस्ती, पण ती कळण्यासाठी कोड वाचावा लागतो. पोर्टिंग मला आवडतं ते याचसाठी. लिहिणाऱ्याने जे गृहीत धरलं, ते आपल्याला सापडतं.

खिडक्यांचे प्रोग्राम नंतर घे, छोट्या पडद्यावर ते नीट मावत नाहीत. नोकियाचं ७७० हे लिनक्सवाल्यांचं लाडकं यंत्र २००५ मध्ये आलं. पडदा ८०० बाय ४८०, मेमरी ६४ एमबी. मोठ्या मॉनिटरसाठी आखलेली खिडकी अशा पडद्यावर उघडली की खालचं 'सेव्ह' बटण दिसतच नाही. माउस वर नेल्यावर उघडणारा मेनूही बोटाला उघडत नाही. तिथं मांडणीच बदलावी लागते.

कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक मिळाला की क्रॉस-कंपायलर शिक. तिथं बनवायचं, फोनवर चालवून बघायचं. मोठ्या प्रोग्रामना तोच मार्ग.

दुरुस्ती जमली की मूळ लेखकाला पॅच पाठव. काय अडत होतं, कुठल्या चिपवर, काय बदललं, एवढं लिही. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. संकोच करू नकोस. आणि अडलीस तर मला रात्री कधीही मेसेज टाक. फक्त 'चालत नाही' असं लिहू नकोस. पडद्यावर आलेला एरर पहिल्या ओळीपासून जसाच्या तसा पाठव.