परमुलखातील शिक्षिका : मिस सिंथिया फरार

(मंडळीतील वर्गासाठी अभ्यासपाठ. वाचन : २ तीमथ्य १:३-७ व ३:१४-१७)



नेमून दिलेल्या वचनांत पौल तीमथ्याला त्याच्या आजीची व आईची आठवण करून देतो. लोईस व युनीके ही दोन नावे या एका ठिकाणाखेरीज पवित्र शास्त्रात कोठेही येत नाहीत. त्यांनी भाषणे केली नाहीत की दूरदूरचे प्रवास केले नाहीत. त्यांच्या घरच्या एका मुलाला बालपणापासूनच शास्त्राची ओळख झाली, इतकेच आपणांस ठाऊक आहे. ते शिकविताना किती संध्याकाळी तो मुलगा कंटाळला असेल, किती वेळा तेच वाक्य पुन्हा म्हणवून घ्यावे लागले असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. शिक्षकाच्या कामाचा बहुतेक भाग असाच न लिहिलेला असतो. त्या न लिहिलेल्या भागाकडे आज लक्ष द्यावे, म्हणून एका शिक्षिकेची हकीकत घेतली आहे.

परदेशातील शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रापलीकडचा मुलूख येतो. या बाईंचा परदेश मात्र आपलाच महाराष्ट्र होता. त्यांचे नाव मिस सिंथिया फरार. जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावचा. स्वदेशी त्या शाळांत शिकवीत असत. इकडे मुंबईस अमेरिकन मराठी मिशनाने १८२४ साली मुलींची शाळा काढली होती व पुढे तशा आणखीही निघाल्या. परंतु त्यांवर देखरेख करावयाची कोणी ? मिशनरी पुरुषांना परक्या घरच्या मुलींत व त्यांच्या आयांत मिसळता येत नसे. त्यांच्या पत्नींच्या अंगावर घरसंसार, लेकरे आणि या हवेतील आजारपणे यांचा भार असे. तेव्हा या एकाच कामाला वाहून घेणारी शिक्षिका पाठवावी, असे मुंबईकरांनी स्वदेशी कळविले. अविवाहित बाईला इतक्या दूर धाडणे ही गोष्ट त्या देशातही नवीच होती. १८२७ च्या जून महिन्यात फरार बाई बोस्टन बंदरातून निघाल्या आणि कलकत्त्यावरून डिसेंबरच्या अखेरीस मुंबईस पोहोचल्या. वय तेव्हा बत्तीस वर्षांचे. तारवाच्या त्या दिवसांत घरी पत्र टाकले, तर उत्तर हाती पडेपर्यंत सुमारे वर्ष जाई. घरच्यांच्या खुशालीचा कागद येई, तेव्हा त्यातील खुशाली कित्येक महिन्यांपूर्वीची असे.

शिकविण्यास आलेल्या बाईंना प्रथम स्वतःच विद्यार्थी व्हावे लागले. मराठी येईपर्यंत मुलींचा पाठ बरोबर की चूक, हेही कळण्यास मार्ग नव्हता. मोल्सवर्थ साहेबांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. म्हणजे बाई आल्या तेव्हा तो व्हावयाचाच होता. केरी साहेबांचा १८१० सालचा कोश होता, पण त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले. मिशनाच्या छापखान्यातील पुस्तके बाळबोध, दुकानदाराची वही मोडी, आणि बायकांच्या तोंडचे बोलणे दोहोंपेक्षा निराळे ! आपल्यापैकी जे कोणी लातूर-सोलापूर सोडून हैदराबादेस किंवा आणखी दूर कामास गेले असतील, त्यांना परक्या बोलीतील पहिले वर्ष कसे जाते ते सांगावयास नको. मोठ्या माणसाला लहान मुलासारखे चुकावे लागते, आणि ऐकणारी लहान मुले हसतात.

आता शाळा कशी होती ते पाहू. हल्लीची गावशाळा मनात आणू नये. बाके नव्हती, वर्गांच्या पायऱ्या ठरलेल्या नव्हत्या. निरनिराळ्या आळ्यांतून लहान लहान जागी मुली जमत. शिकविणारा बहुधा हिंदू पंतोजीच असे, कारण ख्रिस्ती शिक्षक तयार व्हावयाचे होते. शाळेतून शाळेत जाणे, प्रत्येकीचा पाठ ऐकणे, पुढचा नेमून देणे, शिवणकाम दाखविणे आणि शास्त्रातील गोष्ट सांगणे, हे देखरेख करणाऱ्या बाईंचे रोजचे काम. वाचन, लेखन व थोडे अंकगणित हा अभ्यासाचा गाभा. शिवणकाम पुष्कळ आयांना आवडे. अक्षरांचा उपयोग काय, हे त्यांना पटण्यास वेळ लागला. सुईचा उपयोग समजावून द्यावा लागत नव्हता.

पंतोजीचे वेतन मुलींच्या संख्येवर ठरविण्याची पद्धत त्या काळच्या मिशन शाळांत होती. तिचा परिणाम काय होतो, हे कोणाही अनुभवी शिक्षकाच्या ध्यानात येईल. तपासणीच्या दिवशी शेजारपाजारच्या मुली आणून बसविण्याचा मोह होतो आणि हजेरीपट फुगतो. यासाठी देखरेख करणाऱ्याला वेळीअवेळी जाऊन डोकी मोजावी लागत. पंतोजीला दोष देणे सोपे आहे. परंतु मुलींना शिकवितो म्हणून शेजाऱ्यांची बोलणी खाऊन तो ते काम करीत होता, हेही विसरू नये. त्या पंतोजींवाचून मुलींच्या पहिल्या शाळा चालल्या नसत्या. आपल्या मंडळ्यांत मिशनऱ्यांची नावे घेतली जातात. ह्या माणसांची घेतली जात नाहीत, हे मला नेहमी खटकत आले आहे.

शाळेपुढे दोन भिंती होत्या. एक भीतीची. मुलगी वाचावयास शिकली तर तिला वैधव्य येते, असा समज घरोघर होता. दुसरी भीती शिक्षणामुळे धर्म बुडेल ही. तिला आपण नुसते अज्ञान म्हणू नये. शाळेत शास्त्र शिकविले जाई आणि मुलींनी ख्रिस्ताकडे वळावे ही शिक्षिकेची इच्छा असे. ती त्यांनी लपविली नव्हती. तेव्हा आईबापांची शंका निराधार नव्हती. तरीही काहींनी आपल्या मुली पाठविल्या. ते धैर्य त्या आईबापांचे, मिशनाचे नव्हे. दोन वर्षांच्या आत मुंबईच्या या शाळांच्या पटावर ४०० हून अधिक मुली झाल्या.

दुसरी भिंत लग्नाची, आणि ती अधिक उंच. आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न होई व तिची शाळा सुटे. नुकती कोठे ओळी लावून वाचू लागली, तोच जागा रिकामी. शिक्षिकेने पुन्हा नव्या मुलीला पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा. ४०० हा आकडा वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. सालोसाल पट भरलेला दिसे, पण त्यावरील नावे बदलत जात. कामाचे मोजमाप मागणाऱ्याला दाखविण्यासारखे यात फार थोडे होते. स्वतः अविवाहित, घरची माणसे हजारो कोसांवर, आणि ज्या मुलींवर जीव लावावा त्या दोन-तीन वर्षांत दृष्टीआड. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आळीत जावयाचे. शिक्षकाचा विश्वास कसास लागतो तो अशा सकाळी.

प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ साली त्यांना स्वदेशी परतावे लागले. बेचाळीस वर्षांच्या बाईने तेथेच राहावयाचे ठरविले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. १८३९ मध्ये त्या परत आल्या. या वेळी नेमणूक अहमदनगरास झाली, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. पुढील आयुष्य तेथील मुलींच्या शाळांत गेले, आणि १८६२ च्या जानेवारीत तेथेच त्यांचे देहावसान झाले.

नगरच्या या शाळांना एक पाहुणा येऊन गेला. जोतिराव फुले एका मित्रासह नगरास आले असता त्यांनी फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तेथील शिकविण्याची रीत त्यांना फार आवडली. १८४८ साली त्यांनी पुण्यास भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेण्यासाठी फरार बाईंच्या हाताखाली काही काळ काढला, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. या गोष्टीचा अर्थ जपून घ्यावा. फुले दांपत्याचे कार्य मिशनचे नव्हते. त्यांची बुद्धी, त्यांचा सोसलेला छळ व त्यांची दृष्टी त्यांची स्वतःची. पण शाळा पाहावयास आलेल्या एका तरुणाच्या मनात काय पेरले गेले, हे त्या दिवशी पाठ ऐकत बसलेल्या बाईंना कसे ठाऊक असणार ? त्यांच्यापुढे त्या दिवशीही बहुधा एखादी रिकामी जागाच असेल.

नगर जिल्ह्याचा जामखेड तालुका आपल्या भूम-परंड्याच्या शिवेला लागून आहे. परंतु फरार बाईंच्या हयातीत या शिवेपलीकडचा मुलूख निजामाचा होता. नळदुर्गाचा हा प्रांत १८५३ ते १८६० एवढी वर्षे इंग्रजांकडे आला आणि पुन्हा निजामाकडे गेला. पुढे राज्याची भाषा उर्दू झाली. शेतकऱ्याच्या मुलाला घरी मराठी व वरच्या शाळेत उर्दू अशी दुहेरी अडचण सप्टेंबर १९४८ पर्यंत सोसावी लागली. मुलींचा प्रश्न तर फार पुढचा. आज मात्र धाराशिव जिल्ह्यातील वाडीवस्तीवर शाळा आहे, आणि तीत शिकविणारी बाई मोटारसायकलवर किंवा यष्टीने येते, हे कोणाला नवल वाटत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून अंमलात आहे. मुलीच्या लग्नाचे वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा ठरविले होते. ते आता अठरा आहे.

मग फरार बाईंच्या पुढील ती रिकामी जागा भरली काय ? आपल्याच गावांत पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो. ज्यांनी उचल घेतली आहे ती कुटुंबे बिऱ्हाड बांधून कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे दोघेही फडात गेली, की पालावर धाकट्या भावंडाला सांभाळावयास कोणीतरी हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा आठ-दहा वर्षांची बहीण. कळंब, वाशी, भूम या बाजूच्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. हंगाम संपून पाडव्याच्या सुमारास ती परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम झाले की ती शाळेत बसावयास लाजते. मग तिला एकटी घरी ठेवावी कशी, ही काळजी आईला पडते, आणि कायद्याने वय काहीही सांगितले तरी सोयरिकीची बोलणी सुरू होतात. वैधव्याची भीती गेली. तिच्या जागी दुसरी भीती आली, आणि ही तर खरी आहे. फडावरच्या पालात वयात आलेल्या मुलीची काळजी आईने करू नये, असे कोण म्हणेल ?

मुले गावीच राहावीत म्हणून शाळांतून हंगामी वसतिगृहे चालविली जातात, आणि जेथे आजीआजोबा घरी आहेत तेथे त्यांचा उपयोग होतो. पण रात्री मूल कोणाच्या घरी निजणार, हा प्रश्न सरकारी कागदावर सुटत नाही. तो शेजारच्या ओसरीवर सुटतो. आपल्या मंडळीत अशी ओसरी असलेली घरे आहेत. लोईस ही आजीच होती.

वर्ग चालविणाऱ्यांनी या आठवड्यात एवढे करावे. गेल्या वर्षीचा रविवारच्या शाळेचा हजेरीपट काढावा. ज्या मुलांची नावे मध्येच थांबली आहेत ती एका कागदावर लिहावी, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल कोठे गेले ते लिहावे : कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मामाच्या गावी, कोणत्या सासरी. ज्या नावापुढे काहीच लिहिता येणार नाही, ती जागा कोरी ठेवावी. आणि पुढील रविवारी उपासना आटोपल्यावर दोघादोघांनी त्या घरी जाऊन यावे. मंडळींनी निघण्यापूर्वी आणखी एक विचार करून ठेवावा. येत्या दसऱ्यानंतर आपल्या घरी एका मुलीचे अंथरूण घालता येईल काय ? होय असेल, तर तिच्या आईला ते आत्ताच सांगून ठेवावे. मुकादमाची उचल घेतल्यावर सांगून उपयोग नाही.