पाना उचलण्यापूर्वी

चि. बाळू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. लातुरात औसा रस्त्याला स्वतःचे दुकान घातलेस आणि थोड्याच दिवसांत वॉशिंग मशीनच्या तक्रारींनी वही भरू लागली, हे वाचून तुझ्या काकूला व मला फार समाधान वाटले. पत्राच्या अखेरीस तू विचारतोस की, सर्किट बोर्ड दुरुस्त करण्याचा सारा सरंजाम कर्ज काढून आताच घ्यावा काय. 'इतक्यात नको' एवढे लिहून मला मोकळे होता आले असते. परंतु मशीन अडले की दोष त्याच्या पोटात, आणि तोही बहुधा बोर्डातच असणार, या ज्या समजुतीतून तुझा प्रश्न निघाला, ती समजूत या धंद्यात गिऱ्हाइकाचे पैसे आणि कारागिराची पत दोन्ही बुडविते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घरातील वॉशिंग मशीन हे गच्चीवरची टाकी, भिंतीतील विजेची जोडणी, मोरी, फरशी आणि माणसांच्या सवयी या सर्वांच्या मिळून चाललेल्या व्यवहारातील केवळ एक पक्षकार होय. फिर्याद मात्र नेहमी एकट्या त्याच्याविरुद्ध दाखल होते, आणि पाना घेऊन आलेला कारागीर इतर पक्षकारांची चौकशी न करताच त्याची झडती सुरू करतो. तू तसे करू नकोस. आधी घर तपास, मग मशीन. आणि मशीनमध्येही जो भाग सदोष असल्याचे मापाने सिद्ध झाले नाही, तो बदलू नकोस.

तक्रार नोंदविणारे गृहस्थ आणि मशीन प्रत्यक्ष चालविणारी व्यक्ती या बहुतेक घरांत भिन्न असतात. फोनवर 'मशीन बंद आहे' एवढेच सांगणारे गृहस्थ धुण्याच्या वेळी कचेरीत असतात. आवाज कसा आला, पाणी कुठवर चढले, फेस झाकणापर्यंत आला होता काय, हे घरातील आजींना किंवा धुणेभांडी करणाऱ्या मावशींना ठाऊक असते. त्यांची जबानी स्वतंत्रपणे आणि अदबीने घ्यावी, कारण मालकिणीच्या समक्ष मावशी साबणाचे खरे माप कधीही सांगत नाहीत. मशीन पाणी घेताना थांबते, घुसळताना थांबते, पाणी सोडताना थांबते की पिळताना थांबते, एवढे निश्चित झाले की निम्मा तपास संपला असे समज. पडद्यावर उमटणाऱ्या सांकेतिक अक्षरांवर वाजवीपेक्षा अधिक विसंबू नकोस. ती प्रत्येक कंपनीची निराळी असतात, आणि बोर्डाला काय जाणवले एवढेच ती सांगतात. 'ठरल्या वेळेत पाणी भरले नाही' असा संकेताचा अर्थ असेल, तर बंद नळ, तुंबलेली जाळी, पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे जळालेले कॉइल आणि रिकामी टाकी ही चारही कारणे त्या एका संकेतात सामावतात.

पाण्याचे प्रकरण मी मुद्दाम लांबवितो, कारण तुझ्या शहरात ते सर्वांत मोठे आहे. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी पोचवावे लागले, तेथील गच्चीवरच्या टाक्यांत नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकत्र नांदते आणि त्याचा गाळ मशीनच्या मागे, पाइप जोडण्याच्या तोंडाशी बसविलेल्या बारीक जाळीत येऊन साचतो. ती जाळी पकडीने हलकेच ओढून काढावी आणि जुन्या टूथब्रशने धुवावी. जाळी स्वच्छ असूनही पाणी संथ येत असेल, तर त्या घराचा मजला विचार. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो, आणि अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत मशीनला किमान ०.३ ते ०.५ बार दाब हवा असे लिहिलेले असते. म्हणजे टाकीचा तळ नळापासून निदान तीन ते पाच मीटर उंच असला पाहिजे. सर्वांत वरच्या मजल्यावरील, टाकीच्या अगदी खाली असलेल्या घरात ही उंची बहुधा भरत नाही, आणि खालच्या मजल्यावर निर्वेध चालणारे मशीन जिना चढून वर नेले की हट्टाला पेटते. येथे व्हॉल्व्ह कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही. दाब वाढविणारा छोटा पंप बसवावा किंवा टाकीपासून स्वतंत्र, रुंद पाइप आणावा.

याच व्हॉल्व्हचा आणखी एक चमत्कार आहे. त्यातील रबरी पडदा मिटण्यासाठी पाण्याच्याच दाबाचे साहाय्य लागते. दाब फार क्षीण असला किंवा पडद्याखाली वाळूचा कण अडकला, तर तो घट्ट मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही टबात रात्रभर पाणी ठिबकत राहते. अशा वेळी प्लग काढून पाहा: वीज तोडल्यावरही पाणी येत राहिले, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा दाबाचा, आणि ते तत्काळ थांबले, तर व्हॉल्व्हला हुकूम देणाऱ्या यंत्रणेचा. दुसऱ्या प्रसंगी प्रथम टबाच्या तळापासून वर जाणारी ती बारीक हवेची नळी तपासावी. टबात पाणी चढले की तिच्यातील कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो, आणि त्यावरून मशीनला पाण्याची पातळी समजते. नळीला सुईएवढे छिद्र पडले किंवा तिच्या तोंडाशी साबणाचा लगदा बसला, तर भरलेला टबही मशीनला रिकामा भासतो.

सांडपाण्याच्या पाइपाने तर भल्याभल्यांना चकविले आहे. फ्रंट लोड मशीन पंपाने पाणी उपसते, म्हणून त्याच्या पाइपाचे तोंड टबातील पाण्याच्या पातळीहून वर, पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर टांगावे लागते. ते मोरीच्या जाळीत खाली कोंबले, तर एका बाजूने भरणारे पाणी दुसऱ्या बाजूने आपोआप वाहून जाते आणि मशीन तासभर भरतच राहते. उलट, झडप उघडून उताराने पाणी सोडणाऱ्या टॉप लोड मशीनचा पाइप जमिनीलगत असला पाहिजे. सुनेने फरशी पुसताना तो उचलून खिडकीत अडकविला, की पाणी आत तुंबलेच. दोन्ही घरांत तक्रार पाण्याचीच, पाइपही तसाच, आणि उपाय मात्र परस्परांविरुद्ध.

आता विजेकडे येतो; येथे हयगय केल्यास जीवावर बेतते. 'मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात' ही फिर्याद ऐकताच मोटर काढावयास धावू नकोस. बोर्डावरील विजेचा गोंगाट गाळणारे लहान कंडेन्सर अल्पसा प्रवाह पत्र्यात सोडतात, आणि तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. घरात अर्थिंग नसले की तो हाताची वाट शोधतो. म्हणून आधी सॉकेट तपास. फेज आणि अर्थ यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट मिळावेत, न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा अधिक नसावेत. मात्र मीटरला दिसलेली अर्थ खरोखर भार वाहू शकते की नाही हे केवळ या आकड्यावरून कळत नाही, हेही विसरू नकोस. दोष घराच्या अर्थिंगमध्ये आढळला, तर तसे लेखी देऊन वायरमन बोलावण्यास सांग, आणि ते काम पुरे होईपर्यंत मशीन वापरू नये अशी ताकीद दे. पाणी तापविणाऱ्या मशीनचा २,००० वॉटचा हीटर नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. त्याला सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बाजारातल्या लांबलचक एक्स्टेन्शनवर लावलेले पाहिले, की प्लगच्या पिना पिवळ्या-काळ्या पडल्या आहेत काय हे बघ. आणि मशीन सुरू झाल्यावर काही मिनिटांनी, नेमके पाणी तापू लागताना संरक्षक स्विच पडत असेल, तर हीटरच्या फुटलेल्या आवरणावर संशय धरावा. अशा हीटरचा रोध मीटरवर सुमारे २६ ओहम, म्हणजे अगदी निर्दोष दिसू शकतो. गळती मेगर, म्हणजे विद्युतरोधन मोजणारे यंत्र, लावल्याशिवाय पकडली जात नाही. कर्ज न काढताही घेता येईल असे साधन हेच आहे. मात्र बोर्डाच्या सर्व तारा सोडविल्याशिवाय ते लावू नकोस.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांचा स्वभाव सरळ असतो. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, आणि पट्टा काढून कप्पीला हाताने गती दिली की फिरू लागते, तर कंडेन्सर क्षीण झाला आहे. तो मोजण्यापूर्वी त्यातील साठा रेझिस्टरमधून उतरवून घ्यावा, आणि बदलताना त्यावर लिहिलेल्या मापाचाच घालावा. 'थोडा मोठा घातला तर जोर वाढेल' हा दुकानदाराचा सल्ला मोटर जाळण्याचा आहे. ड्रायर फिरत नसेल तर झाकणाचा स्विच आणि ब्रेकची तार आधी पाहा. त्याच्या खालचे रबरी सील फाटले असेल, तर ते ताबडतोब बदल, नाहीतर तेथून झिरपणारे पाणी थेट मोटरवर पडते आणि आज स्वस्तात सुटणारे काम महिनाभरात मोटरवर जाते. खालून उघड्या असलेल्या मशीनला उंदरांसाठी जाळी बसविण्याची शिफारस न चुकता करावी.

हादऱ्याच्या तक्रारीत गणित उपयोगी पडते. पन्नास सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १,००० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या कडेला वस्तूचे वजन सुमारे २८० पट भासते. म्हणजे एका बाजूस अर्धा किलो कपडे जास्त गोळा झाले, तर ड्रमला दर फेऱ्यास १४० किलोंची ओढ बसते. पिळण्यापूर्वी मशीन पुनःपुन्हा थांबून कपडे इकडेतिकडे करते ते याच कारणास्तव, आणि ते गृहिणीला बिघाड वाटते. एकटी गोधडी किंवा एकटी सोलापुरी चादर टाकली, की ती पाणी पिऊन एका अंगास बसते. तिच्यासोबत दोन-चार टॉवेल टाकावयास सांगावे. नव्या फ्रंट लोड मशीनचा हादरा असह्य असेल, तर आणखी काहीही करण्याआधी मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत काय ते पाहावे. कित्येक घरांत ते तसेच असतात, आणि मशीन जागोजागी ठोकरा खात मोरीकडे चालू लागलेले असते.

परंतु पिळताना रेल्वेच्या डब्यासारखी घरघर येत असेल, आणि दार उघडून ड्रम हाताने वर उचलल्यास खटका जाणवत असेल, तर ती बेअरिंगची, किंवा त्याहून वाईट, ड्रमच्या पाठीमागील स्पायडरची खूण होय. हा तीन बाहूंचा आधार बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि ड्रम स्टेनलेस पोलादाचा. दोन भिन्न धातू, सदैव ओल, आणि त्यावर साबणाचा न धुतला गेलेला क्षारीय थर, अशा सहवासात ॲल्युमिनियम हळूहळू कुजून पांढरी भुकटी होते. येथे मावशींच्या साबणाच्या मापाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक, म्हणून फेस कमी येतो. फेस कमी म्हणून पावडर वाढविली जाते. आणि हातधुण्याची जास्त फेसाची पावडर असेल, तर तिचा लगदा टबाच्या बाहेरच्या बाजूला, कोणाच्याही नजरेस न पडता साचत जातो. फ्रंट लोडसाठी कमी फेसाचीच पावडर वापरावी, धुणे झाल्यावर दार उघडे ठेवावे, रबरी गॅस्केटच्या घड्या पुसाव्यात, पंपाचा फिल्टर दर महिन्यास काढून त्यातील नाणी, सेफ्टीपिना आणि बटणे वेगळी करावीत, आणि अधूनमधून रिकाम्या मशीनला गरम पाण्याची एक फेरी द्यावी, असे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांग. क्षार उतरविण्यास सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्व, पुरेसे आहे. मात्र त्या फेरीत ब्लीच कदापि टाकू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे दोनदा बजाव.

एवढे सर्व निर्दोष ठरल्यावर बोर्डाचा क्रम लागतो. त्यातही आधी जोडणीचे कनेक्टर काढून पुन्हा नीट बसवावेत, वितळलेला रिले किंवा झुरळांनी केलेली घाण डोळ्यांनी शोधावी, आणि बोर्ड व्हॉल्व्हला वा पंपाला वीज देतो की नाही ते मोजावे. वीज निघत असेल तर बोर्ड निरपराध. आणि सर्व अटी पूर्ण असूनही निघत नसेल, तरच तो दोषी. असे खरोखर दोषी बोर्ड तुझ्याकडे पुरेसे येऊ लागले, की तो सरंजाम घेण्याचा विचार आपण मिळून करू.

एक व्यवहाराची बाब उरली. आधी घर तपासू लागलास की वारंवार असे होईल की, जाळी धुऊन किंवा पाइप उचलून काम संपेल आणि काहीही बदलावे लागणार नाही. आणि अशा वेळी 'काहीच केले नाही, मग पैसे कशाचे' हा प्रश्न गिऱ्हाईक विचारील. या अडचणीपोटीच पुष्कळ कारागीर चांगला व्हॉल्व्ह काढून नवा बसवितात. तू तपासणीची फी फोनवरच आधी सांग, पावतीवर तिचा रकाना निराळा छाप, आणि काय तपासले, किती व्होल्ट आढळले, दोष कोठे होता, हे त्याखाली दोन ओळींत लिहून सही कर. भाग बदललास तर जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती दे. लातूरचा दर मला ठाऊक नाही, पण फी इतकी ठेव की पाइप उचलून परतताना तुला रुखरुख वाटू नये, आणि इतकी नको की वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर आजोबांना बोलाविण्याचे भय वाटेल. पावतीचा मसुदा पाठविलास तर पाहून देईन.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका