ट्रंकेतला कागद

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. गाव सातारा जिल्ह्यातले. त्यांचे मालक फौजेत नाईक होते. २०१६ साली पेन्शनीवर आले. भरती झाले तेव्हा अंगाने धडधाकट होते. परत आले ते रक्तदाबाचे दुखणे घेऊन.

एके रात्री बाईंनी घडी घातलेला एक कागद पुढे केला. म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं इंग्रजी हायती, पर ह्यो आकडा मला वाचता आला. तीस. कशाचं हो हे तीस?"

आम्ही कागद वाचला. तो मेडिकल बोर्डाचा, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळाचा होता. अपंगत्व ३० टक्के, जन्मभराचे, असे लिहिले होते. खाली आणखी एक ओळ होती : दुखणे नोकरीमुळे झाले नाही, नोकरीमुळे वाढलेही नाही.

त्या एका ओळीने अपंगत्वाची पेन्शन अडली होती. ही पेन्शन मिळायला अपंगत्व निदान २० टक्के लागते. शिवाय ते फौजेच्या नोकरीमुळे आलेले किंवा वाढलेले असावे लागते. गोळी लागली तर कारण सर्वांना दिसते. रक्तदाबाचे कारण कोणाला दिसते? तंटा तिथेच होतो.

असाच एक तंटा दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेला होता. एका जवानाला फिट येत. १९९४ साली त्याला घरी पाठवले आणि पेन्शन नाकारली. २०१३ साली निकाल लागला. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर पुढे झालेला रोग नोकरीमुळेच झाला असे धरावे, असे कोर्टाने सांगितले. तसे नाही म्हणायचे तर बोर्डाने कारण लिहावे. पुराव्याचा भार जवानावर टाकू नये. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत. त्यांनी वेगळी चौकशी करावी.)

आम्ही मालकांना विचारले, "अपील का नाही केलंत?"

"सायबाची सही हाय. मग संपलंच की."

शिस्तीचा माणूस! पण बोर्डाच्या कागदावर अपील चालते. नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. ते फेटाळले तर दुसरे. त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. मुदत टळली असेल तर उशिराचे कारण लिहून माफी मागावी लागते. आणि उशिरा जिंकले तरी मागची थकबाकी बहुधा तीन वर्षांचीच मिळते. कागद ट्रंकेत पडून राहिला, तेवढे पैसे बुडाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा हुकूम म्हणजे पीपीओ, बोर्डाचा कागद आणि नकाराचे पत्र बरोबर घेतले. सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. मूळ कागद हातचा सोडला नाही. अर्ज लिहून झाला. मालकांनी सही केली. बाईंनी पोचपावतीवरची तारीख मोठ्याने वाचली, आणि मगच ती घडी करून पिशवीत ठेवली.