'सुसंगत नाही' म्हणजे बिघडलेला नाही

मोबाइलमध्ये आणि टॅबमध्ये ॲपचे एक दुकान असते. अँड्रॉइडच्या टॅबमध्ये त्याचे नाव प्ले स्टोअर. २००८ साली ते सुरू झाले तेव्हा त्याला अँड्रॉइड मार्केट म्हणत. २०१२ साली त्याचे नाव बदलले. या दुकानात पुष्कळ ॲप फुकट मिळतात, पण प्रत्येक ॲप प्रत्येक टॅबला मिळतेच असे नाही. कधी कधी ॲपच्या नावाखाली एक ओळ येते. तिचा अर्थ असा की, हे ॲप तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही.

"सुसंगत म्हणजे चांगली संगत का?" असे वर्गात एकाने विचारले. बाईंसकट सगळी हसली. सुसंगत म्हणजे जुळणारे. पंपाच्या नटाचे आटे बोल्टाशी जुळले नाहीत तर नट चढत नाही. नट नवा असतो, बोल्टही चांगला असतो, पण चढत नाही म्हणजे नाही. तसेच हे आहे.

हा लेख मी मुद्दाम पालकांसाठी लिहीत आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी टॅब आहे. त्यावर ॲप येईना म्हणून तिच्या वडिलांनी तो बाजाराच्या गावी दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "हा गेला. नवा घ्या." आता सोयाबीनचे पैसे आले की नवा घ्यायचा असे त्यांच्या घरी ठरलंय. पण तो टॅब चालू आहे! त्यावर चित्रे दिसतात, गाणी वाजतात. फक्त एक ॲप येत नाही.

दुकानाला कसे कळते की हे ॲप या टॅबवर चालणार नाही? बाईंनी ते असे समजावले. प्रत्येक ॲपबरोबर एक कागद असतो असे समजा. (खरा कागद नाही. त्याला मॅनिफेस्ट म्हणतात.) त्यावर ॲप बनवणाऱ्याने लिहिलेले असते की मला अमुक क्रमांकाचे अँड्रॉइड पाहिजे, कॅमेरा पाहिजे, फोन करण्याची सोय पाहिजे. टॅबही दुकानाला आपली माहिती देतो. दुकान दोन्ही जुळवून बघते. एक गोष्ट जरी कमी पडली तरी दुकान ॲप देत नाही. पुष्कळदा शोधात त्याचे नावसुद्धा दाखवत नाही. म्हणून कोणी म्हणते, "माझ्या फोनमध्ये दिसतंय, तुझ्यात का नाही?" दोघांचेही खरे असते.

आमच्या शाळेत चार टॅब आहेत, दोन काळे व दोन निळे. गोष्टी ऐकायचे एक ॲप निळ्यांवर आले, काळ्यांवर आले नाही. तेव्हा बाईंनी आम्हां तिघांना फळ्यावर तक्ता करायला लावला. सेटिंग उघडून अगदी खाली गेले की 'टॅबविषयी' असे येते. तेथे अँड्रॉइडचा क्रमांक असतो. चारही टॅबचा क्रमांक ८.१ निघाला. मागचा कॅमेरा चौघांना आहे. रिकामी जागा काळ्यांमध्येच जास्त होती. मग फरक कुठे? शेवटी कडेला बोट फिरवले तेव्हा सापडला. निळ्यांना सिमकार्डाची खाच आहे, काळ्यांना नाही. काळे फक्त वायफायवर चालतात.

गोष्टी ऐकायला सिम कशाला लागते? हे मलाही कळेना. बाई म्हणाल्या, काही ॲप नाव नोंदवताना येणारा ओटीपी स्वतः वाचतात. त्यासाठी बनवणाऱ्याने 'एसएमएस वाचू द्या' अशी परवानगी मागितली, की दुकान समजते याला फोनची सोय पाहिजेच. मग बिनसिमचे सगळे टॅब बाहेर! खरे तर बनवणाऱ्याला 'फोनची सोय असली तर बरे, नसली तरी चालेल' असेही लिहिता येते. एवढे एक लिहिले असते तर आमचे काळे टॅब रिकामे बसले नसते. मला याचा राग येतो.

असेच पूर्वी कॅमेऱ्याचेही झाले होते. २०१२ साली गुगलने नेक्सस ७ नावाचा सात इंची टॅब आणला. त्याला पुढे कॅमेरा होता, मागे नव्हताच. पुष्कळ ॲपच्या कागदावर नुसते 'कॅमेरा पाहिजे' असे होते आणि त्याचा अर्थ मागचा कॅमेरा असा धरला जाई. त्यामुळे नव्या कोऱ्या टॅबला ती ॲप मिळत नसत. पुढे अँड्रॉइडने 'कोणताही कॅमेरा चालेल' असे लिहिण्याची सोय केली. म्हणजे नवा टॅब घेतला की सगळे मिळेल, हेही खरे नाही.

त्या मुलीचा टॅब तिने एक दिवस आणला. त्याला सिम आहे, पण त्याचा क्रमांक निघाला ५.१. याला लॉलिपॉप म्हणतात. किटकॅट, लॉलिपॉप, मार्शमेलो अशी सगळी गोडाधोडाची नावे पूर्वी अँड्रॉइडला देत. २०१९ मध्ये दहावे आले तेव्हापासून नुसता आकडा सांगतात. लॉलिपॉप २०१४ सालचे आहे. ॲप बनवणारे नव्या सोयी वापरतात, त्या जुन्या अँड्रॉइडमध्ये नसतात, म्हणून ते 'यापेक्षा कमी नको' असा क्रमांक ठरवतात. २०२३ मध्ये गुगलनेही किटकॅटसाठी प्ले सर्व्हिसेसची सुधारणा देणे थांबवले. प्ले सर्व्हिसेस म्हणजे ज्याच्या आधारावर पुष्कळ ॲप चालतात ते.

आता काय करून बघावे? आधी तारीख बघा. तारीख चुकलेली असली तर दुकान नीट उघडत नाही. मग टॅब बंद करून चालू करा. सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत प्ले स्टोअर शोधून त्याची कॅशे पुसा. त्याने फोटो किंवा ॲप जात नाहीत, घाबरू नका. मग टॅब पूर्ण चार्ज करून, वायफाय लावून 'सिस्टीम अपडेट' आहे का ते पाहा. क्रमांक वाढला तर वाढला. पण कंपनीनेच नवे दिले नसेल तर कॅशे कितीही पुसली तरी ५.१ चे ७ होत नाहीत. 'जागा नाही' अशी ओळ आली तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा जुने व्हिडिओ काढून टाकावेत.

एका दादाने सांगितले की ॲपची फाइल दुसरीकडून उतरवून घे, चालते. बाईंनी नको सांगितले. अशा फाइलमध्ये कोणी काय घातले ते कळत नाही आणि त्याच फोनमध्ये घरचे बँकेचे ॲप असते. शिवाय अँड्रॉइडचा क्रमांक कमी असला तर ती फाइलही बसत नाही.

त्यापेक्षा ब्राउझर बरा. पुष्कळ ॲपची वेबसाइट असते आणि तिला हा कागद लागत नाही. २०१७ साली सुरू झालेले दीक्षा घ्या. आपल्या पुस्तकातल्या क्यूआर कोडाखाली अक्षरे आणि अंक मिळून एक छोटा संकेत छापलेला असतो. दीक्षाच्या वेबसाइटवर तो लिहिला की त्या धड्याचे साहित्य उघडते. ५.१ वर पान जरा उशिरा उघडते, पण उघडते. त्या मुलीने अपूर्णांकाचा व्हिडिओ तसाच पाहिला, आणि तिच्या मागे सात जण उभे होते.

ॲपच्या पानावर खाली बनवणाऱ्याचा ईमेल असतो. आम्ही बाईंच्या ईमेलवरून त्यांना पत्र पाठवले आहे. त्यात टॅबचे नाव, अँड्रॉइडचा क्रमांक आणि 'सिम नाही' हे लिहिले. नुसते 'चालत नाही' लिहिले तर त्यांना काय कळणार?

ज्यांना नवा टॅब घ्यायचाच आहे त्यांनी पैसे देण्याआधी खोक्यावरचा अँड्रॉइडचा क्रमांक वाचावा, सिमची खाच बघावी आणि जे ॲप पाहिजे ते दुकानातच टाकून बघावे.

ज्या पालकांच्या घरी टॅब कपाटात पडून आहे, त्यांनी तो शनिवारी सकाळच्या शाळेत पाठवावा. चार्ज करून पाठवावा, कारण वर्गात एकच बोर्ड आहे. आम्ही तिघे क्रमांक बघून चिठ्ठीवर लिहून देऊ.