धडा : बढतीनंतर

'बढती' म्हणजे कामात वरची जागा मिळणं. ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी मॅनेजर झालो, तेव्हा घरी पेढे वाटले. पण पुढचे दोन महिने मी रात्री गुपचूप कोड लिहीत बसायचो. टीममधल्या एका मुलीचं कामही मीच उरकून टाकायचो. शेवटी तिने विचारलं, "मग मी काय करू?" मला उत्तर सुचलं नाही.

आता वसंत गोवारीकरांचं पाहा. त्यांनी पीएच.डी. आपल्या इथेच, बर्मिंगहॅमला केली. १९६७ साली ते भारतात परतले आणि केरळात थुंब्याला रॉकेटचं घन इंधन तयार करू लागले. (घन म्हणजे पातळ नसलेलं.) तो त्यांचा हातखंडा विषय. १९७९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते तिथल्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. आता इंधनाइतकीच इतरांच्या कामाचीही जबाबदारी त्यांच्यावर आली. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम.

पुढे गोवारीकर दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव झाले. १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ घटक तपासून मॉन्सूनचा अंदाज सांगितला. शिक्षणाने ते केमिकल इंजिनिअर, हवामानतज्ज्ञ नव्हेत! (गंमत म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं २००३ पर्यंत आपल्या ब्रॅकनेलमध्येच होतं.)

मी आता रात्री लॅपटॉप उघडत नाही. म्हणजे, रोज नाही.

घरी विचारा : बढतीनंतर आईला किंवा बाबांना कोणतं काम सोडवत नव्हतं? तीन वाक्यांत लिहा.